मोबाईलचा खरा जमाखर्च



बाजारात नवा मोबाईल आला की घरातला जुना डोळ्यांत खुपू लागतो. हप्त्याने मिळतो म्हणून घेतलाही जातो. दुकानदार किंमत सांगतो, हप्ता सांगतो. पण त्या फोनने हवेवर किती बोजा टाकला, ते सांगत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनी करणारे. हिशेब न पाहता गप्प बसणे आम्हाला जमत नाही. म्हणून एका रविवारी कोहमाऱ्याला वंदनेनंतर विहारातच मुलांना बसवले आणि वहीत खतावणी मांडली.

वस्तूचा असा हिशेब जन्मापासून अंतापर्यंत करतात. खाणीतून धातू काढणे, कारखान्यात घडवणे, वाहतूक, वापर आणि शेवटी भंगार, अशी पाच खाती. प्रत्येक खात्यात किती कोळसा, डिझेल, वीज खर्ची पडली ते पाहून कार्बन वायूचे किलो लिहायचे. यासाठी 1997 पासून आयएसओ 14040 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

ॲपल कंपनीने 2021 सालच्या आयफोन 13 चा असा आकडा 64 किलो जाहीर केला. तो फोन आपल्या घरी नसेल, पण रीत समजते. त्यातला सुमारे चार-पंचमांश, म्हणजे 50 किलोच्या आसपास बोजा, फोन गिऱ्हाईकाच्या हाती येण्यापूर्वीच पडलेला असतो. त्यातल्या बारीक चिपा घडवायला कारखान्यात रात्रंदिवस वीज लागते.

मुलांना वाटत होते, खरा खर्च चार्जिंगचा! तोही मांडला. रोज एकदा पूर्ण चार्ज केला तर वर्षाला साधारण 9 युनिट. आपली वीज बहुतेक कोळशाची. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॅटचे केंद्र आहे. देशात युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन धरतात. म्हणजे वर्षाला 6 किलोच.

आता घसारा काढा. 50 किलोचा फोन दोन वर्षांत टाकला तर वर्षाला 25 किलो पडले. पाच वर्षे चालवला तर 10. बॅटरी बदलून वापरणे म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे आकडेच सांगतात.

पंख्याला मात्र हा नियम लागत नाही. 75 वॅटचा जुना पंखा रोज बारा तास, आठ महिने चालला तर सुमारे 216 युनिट, म्हणजे 150 किलो! तिथे बोजा वापराचा आहे. म्हणून बदलायचाच झाला तर 30 वॅटचा पंखा घ्यावा, फोन मात्र जपावा.

विनयपिटकात कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली. राजाने विचारले, इतक्यांचे करणार काय? आनंद म्हणाले, फाटक्या चीवराच्या भिक्खूंना वाटू. जुन्या चीवरांचे? पांघरुणे. त्यानंतर गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, झाडणे. शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवू. पाच खात्यांचा हिशेब आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वीच झाला होता!

शेवटचे खाते मात्र जिव्हारी लागणारे आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरिबांची माणसे तारा जाळून तांबे काढतात. धूर लेकरांच्या छातीत जातो. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. आता मेलेले फोन पुन्हा गरिबाच्याच हातांनी जाळायचे काय? 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती मागून घेणे आपला हक्क आहे.

आमच्या विहारात आता एक पेटी आहे. चालू फोन दुरुस्त करून शिकणाऱ्या मुलांना देतो. बंद पडलेला भंगारात न देता नोंदणीकृत केंद्राकडे पाठवण्यासाठी जमा करतो. प्रत्येक विहारात अशी पेटी आणि एक वही असावी, एवढीच विनंती.