पत्रकातून गाळलेली ओळ

ब्रिस्टॉल शहरात ७ जून २०२० रोजी आंदोलकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दोर लावून पाडला आणि बंदरात ढकलून दिला, तेव्हा मी त्यांच्या बाजूने एक लेख लिहिला. त्यातलं बहुतेक सगळं मला आजही मान्य आहे. पण ते लिहिण्याआधी मी स्वतःचं दप्तर तपासायला हवं होतं.

कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी एक. ही कंपनी आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेऊन विकत असे. त्याने शहरात शाळा काढल्या, गरिबांसाठी घरं बांधली. १८९५ साली उभारलेल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर त्याच्या सद्गुणांची स्तुती होती, गुलामांचा उल्लेख नव्हता. तो करणारी दुसरी पाटी बसवायचं २०१८ मध्ये घाटत होतं, पण मजकुरावरून वाद झाले आणि पाटी लागलीच नाही. एक खरी ओळ लिहायला कचरणाऱ्या शहरावर ही वेळ येणारच, असं मी तावातावाने लिहून गेले.

त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः अशीच एक ओळ खोडली होती.

मुंबईच्या काळा घोडा भागात मी हेरिटेज वॉक घेते. तिथला मूळ पुतळा घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. त्याच्या १८७५-७६ च्या भारतभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. १९६५ साली तो राणीच्या बागेत हलवला आणि २०१७ मध्ये काळा घोड्याला नवा, बिनस्वाराचा घोडा आला. मी सांगत असे, राजा गेला, प्रश्न मिटला. मग डेव्हिड ससून ग्रंथालयाकडे बोट दाखवून त्या घराण्याच्या दानशूरपणावर भरभरून बोलत असे.

वॉकच्या पत्रकाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, की या घराण्याच्या संपत्तीचा मोठा वाटा अफूच्या व्यापारातून आला. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई, आणि १८७० च्या दशकात त्या व्यापारावर ससूनांची पकड होती. छपाईआधी मी ती ओळ काढली. कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या ग्रंथालयात बसून मी वर्षानुवर्षं वाचलं, त्यांच्याबद्दल असं लिहिणं कृतघ्नपणाचं वाटलं. जागा कमी आहे, अशी स्वतःची समजूत घातली. वास्तविक कमानींच्या नक्षीवर मी अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता.

लेख वाचून एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, काळ्या घोड्यामागचे पैसे कुठून आले, ते तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, गुलामांचा आणि अफूचा व्यापार एका मापाने मोजता येत नाही. अफूवर इंग्रज सरकारच महसूल कमवत होतं, जमशेटजी जीजीभॉयही त्या व्यापारात होते. सगळं खरं. पण तिने तुलना केलीच नव्हती. तिला फक्त कारण हवं होतं, आणि ते मी दिलं नाही.

पुतळा हलवला ते योग्यच झालं. स्वतंत्र देशाच्या चौकात परक्या राजाचं काम नाही. पण राजाबरोबर देणगीदाराची चौकशीही आपण गुंडाळून ठेवली, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली चीनमधली कुटुंबं माझ्या कथनात कधी आलीच नाहीत. ग्रंथालयाचं नाव बदलावं असं मला मुळीच वाटत नाही. तिथे आजही लोक वाचत बसतात, तेही सांगायलाच हवं.

नव्या पत्रकात ती ओळ परत आली आहे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ती खटकते. दात्याच्या दारात उभं राहून असं बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून चालू आहे. त्या विद्यार्थिनीला मात्र मी पत्र लिहून खरं कारण कळवलं.