चढ सोपा, उतार अवघड

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरात कुणीतरी हमखास विचारतं, ‘तुझी टेकडी कुठली?’ जिम कुठलं, हा प्रश्न नंतर. हनुमान टेकडीवाले वेगळे, तळजाईवाले वेगळे आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या घड्याळ लावून चढणारे तर एकदमच वेगळे. आम्ही वेताळवाले. त्यातही लॉ कॉलेज रस्त्यावरून, कांचन गल्लीतून चढणारे. पौड रस्त्याने एआरएआयपर्यंत गाडी वर नेऊन मग सपाटीवर फिरणाऱ्यांना आमच्या घरात टेकडीवाले मानायची पद्धत नव्हती. आता आहे. का, ते पुढे येईलच.

वेताळ टेकडी म्हणजे शहराच्या हद्दीतलं सगळ्यात उंच ठिकाण. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. आकडा ऐकून घाबरू नका, पुणंच मुळात साडेपाचशे मीटरवर आहे. खालून निघालात, की आधी गिरिपुष्पाची दाटी, मग मुरूम आणि मोठे दगड, एक खडा चढ, आणि अचानक सगळं मोकळं. वर वेताळबाबाचं देऊळ, पलीकडे जुन्या दगडखाणी आणि त्यातल्या एका खाणीत साठलेलं तळं. सकाळी मोर ओरडतात आणि खालून हॉर्न. दोन्ही एकदम ऐकू येतात.

बाबा बँकेतून रिटायर झाले त्याच वर्षी गुंड्या घरी आला. फिकट पिवळा लॅब्रेडॉर. बारशाला नाव गुंड्या, पण बाबा त्याला पहिल्या दिवसापासून ‘गुंडोपंत’ म्हणतात आणि अहो-जाहो करतात. (मला आजही ‘ए’ म्हणतात.) आठ वर्षं रोज सकाळी सहाला दोघांची जोडी कांचन गल्लीतून वर. मी आयटीवाला, रात्री अमेरिकेशी कॉल, त्यामुळे माझी टेकडी फक्त शनिवार-रविवारची. आई कधीच नाही. ‘दगड बघायला पहाटे कशाला उठायचं,’ हे तिचं मत.

गेल्या दिवाळीनंतर गुंड्या उतरताना लंगडायला लागला. चढताना नाही, फक्त उतरताना. डॉक्टरांनी पुढच्या डाव्या पायाचा मनगटाजवळ एक्स-रे काढला आणि मग जरा वेळ काही बोललेच नाहीत. ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये हा बऱ्यापैकी दिसतो आणि मनगटाच्या वरची जागा त्याची आवडती. एक्स-रे स्वच्छ असले, तरी निदान होईपर्यंत त्याच्या पेशी बहुतेक वेळा फुप्फुसांकडे निघालेल्या असतात. म्हणून पाय काढणं हा इलाज नाही, ते दुखणं थांबवणं आहे. नुसता पाय काढला, तर साधारण चार-पाच महिने. बरोबर केमोथेरपी दिली, तर निम्मी कुत्री दहा-बारा महिने काढतात, काही त्याहून जास्त.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं, तसं भांडण आमच्याकडे माझ्या लग्नाच्या विषयावरूनही झालेलं नाही. बाबांचा एकच प्रश्न. ‘हे आपण त्यांच्यासाठी करतोय, की आपल्यासाठी?’ ज्याला डोंगर चढण्यापलीकडे काही नको, त्याचा पाय काढून त्याला चार भिंतीत जगवायचं, त्यापेक्षा शांतपणे जाऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईकडे होतं. ‘त्याला आत्ता दुखतंय. आधी ते थांबवा, मग तुमचं तत्त्वज्ञान.’ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाय गेला, खांद्याच्या हाडासकट. अर्धवट ठेवला, तर तो टेकायचा प्रयत्न करत राहतो आणि जखमा होतात, म्हणून पूर्ण काढतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पोचला. आम्ही तिघं मात्र चेहरे पाडून बसलेलो. कुत्र्याला ‘माझं असं का झालं’ हा प्रश्न पडताना मी तरी पाहिला नाही. त्याला पडलेला प्रश्न एवढाच, की गुळगुळीत फरशी कशी ओलांडायची. व्हिट्रिफाइड टाइल्स ही वस्तू ज्याने शोधली, त्याच्या घरी कुत्रा नसणार. आईने घरातल्या सगळ्या सतरंज्या, काथ्याची पायपुसणी आणि माझी दोन वेळा वापरलेली योगा मॅट काढून सोफ्यापासून दारापर्यंत वाट तयार केली. आमचा हॉल अजूनही वारीच्या मुक्कामासारखा दिसतो. बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळे छातीखालून पंचा घालून एकाने उचलून धरायचं आणि दुसऱ्याने पुढून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत उलटं उतरायचं. दुसरा नेहमी मीच.

काही गोष्टी बघायला त्रास व्हायचा, खोटं कशाला बोला. तो शेकहँड डाव्या पायाने द्यायचा. ‘हात दे’ म्हटलं, की आता त्या बाजूचं कातडं नुसतं थरथरतं. मग तो उजवा उचलायला जातो आणि तोंडावर आपटतो. आम्ही ते म्हणणं बंद केलं. आणि काही गोष्टींना हसू आवरत नाही. पाय वर करून खांब भिजवणं हा त्याचा स्वाभिमानाचा विषय. पुढचा एक नाही, मागचा एक वर, म्हणजे उरले दोनच. आठवडाभर पडल्यावर त्याने कंपाउंडच्या भिंतीला खांदा टेकून उभं राहायचं तंत्र काढलं, अगदी कट्ट्यावरच्या पोरांसारखं.

सोसायटीतल्या पोरांनी हे प्रकरण सगळ्यात आधी पचवलं. दुसरीतली एक मुलगी बराच वेळ त्याचं निरीक्षण करून म्हणाली, ‘दादा, हा लंगडी घालतोय. पण ह्याचा वरचा पाय खाली टेकूच शकत नाही, म्हणजे हा कधीच आउट होणार नाही.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मोठी माणसं कठीण. लॉ कॉलेज रस्त्यावर दर पन्नास पावलांवर कुणीतरी ‘अरेरे’ म्हणून थांबायचं. गाडी लागली का? कुठल्या डॉक्टरकडे? किती घेतले? एका काकूंनी तर त्याच्या देखत विचारलं, ‘इंजेक्शन देऊन मोकळं का नाही केलं?’ बाबा अत्यंत शांतपणे म्हणाले, ‘त्यांना विचारलं. ते नको म्हणाले.’ टेबलावर स्वतः तेच म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी आईकडे बघितलं. आई गुंड्याकडे बघत होती.

आणि मग टेकडी. खरा मुद्दा तोच होता.

इथे थोडं विज्ञान. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. त्यातला एक गेला, तर त्यातलं बरंचसं उरलेल्या एकावर. आता चढावर काय होतं? वजन मागे सरकतं आणि मागचे दोन दणकट पाय गाडी ढकलतात. उतारावर तेच वजन घसरून पुढे येतं आणि एकट्या पायावर बसतं. थोडक्यात, पुढचा पाय नसलेल्या कुत्र्याला चढ सोपा आणि उतार अवघड. दुसरी गंमत म्हणजे हळू चालणं त्याला पळण्यापेक्षा कठीण जातं. प्रत्येक पावलाला एक उडी घ्यावी लागते, वेग असला की ती जमते. म्हणून तीन पायांचं कुत्रं सपाटीवर शंभर पावलं सुसाट जातं आणि मग मटकन खाली बसतं. त्याला ‘दमला बिचारा’ म्हणू नका. त्याची चालच तशी आहे.

हे कळल्यापासून मला शहरात उतारच दिसायला लागले. सोसायटीच्या गेटचा रॅम्प, फूटपाथ जिथे अचानक संपतो ती फूटभर पायरी, उखडलेले पेव्हर ब्लॉक. आणि तीन पायांची कुत्रीही दिसायला लागली, जी आधीही तिथेच होती. नळ स्टॉपला पोह्यांच्या गाड्यांपाशी एक काळं-पांढरं कुत्रं आहे, मागचा पाय नसलेलं. त्याला कुणी बायोप्सी केली नाही, की काथ्याची पायपुसणी अंथरली नाहीत. मेट्रोच्या खांबाआड उभं राहतं, गाड्या थांबल्या की माणसांच्या घोळक्यात मिसळून रस्ता ओलांडतं. त्याचं गणित गुंड्याच्या बरोबर उलटं, उतार आरामात, चढाला मात्र धाप. एकदा दोघं समोरासमोर आले. नेहमीचं हुंगणं झालं आणि दोघंही पोह्यांकडे वळले. पायाचा विषय निघाला नाही.

डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. पहिली, वजन. ३४ किलोंचे २९ करा, कारण आता प्रत्येक किलो एका मनगटावर येतो. आईची तुपाची पोळी बंद झाली, गुंड्या तिच्याशी चार दिवस बोलत नव्हता. दुसरी, आधी सपाटी, चढ नंतर. सपाटी टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथे पोचायला चढ न चढता एकच मार्ग. पौड रस्ता, एआरएआयचा डांबरी घाट, गाडीने.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आईने वॅगन-आर काढली. केमोचे डोस अजून चालू होते. वनखात्याच्या फाटकाशी बाबांनी त्याला उचलून खाली ठेवलं, पट्टा हातात गुंडाळला. गुंड्याने नाक वर केलं, दोन-तीनदा वास घेतला, आणि जो सुटला, की सत्तरीला टेकलेले बाबा त्याच्यामागे फरफटत. पंधरा मिनिटांत परत आणायचं ठरलं होतं, पाऊण तास लागला. येताना बाबांचे डोळे लाल होते, धुळीने असतील. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

मग हळूहळू पद्धत बसली. एप्रिलपासून चढ पुन्हा कांचन गल्लीतून, तोही स्वतःच्या पायांनी, मध्ये चार-पाच बैठका. खड्या टप्प्याला बाबा त्याला खांद्यावर घेतात. एकदा वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी हात जोडले, ‘धर्मराज निघाले वाटतं स्वर्गाला, श्वानासह!’ बाबा धापा टाकत म्हणाले, ‘नाही हो, एआरएआयला. तिथे गाडी उभी आहे.’ कारण उतरायचं मात्र गाडीनेच. आई थर्मास घेऊन फाटकाशी थांबते. थांबायला लागल्यापासून तिलाही बुलबुल आणि कोतवाल ओळखता येतात. दगडांबद्दलचं मत तिने मागे घेतलेलं नाही, पण शनिवारी रात्री गजर तीच लावते.

तुम्हाला कुणा म्हाताऱ्या किंवा दुखऱ्या दोस्ताला न्यायचं असेल, तर थोडं सांगतो. पावसात कांचन गल्लीची वाट विसरा, दगडांवर शेवाळ धरतं. जुलै-ऑगस्ट फक्त डांबरी बाजू. पाऊस सरला, की गवत पिवळं पडतं, दिसतं झक्कास, पण त्यातली कुसळं पंजात घुसतात. चार पायांचं कुत्रं एक पाय उचलून उभं राहतं, तीन पायांचं गप बसून घेतं. बसलं, की आधी पंजा बघा. एप्रिल-मेमध्ये आठनंतर कातळ तापतो, तळव्याला चटका बसतो. पट्टा सोडू नका, मोर तुमच्या आधीपासून तिथे राहतात. आणि ज्या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढू नयेत म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये एवढे पुणेकर चालले, तिच्यावर निदान वेफर्सची पाकिटं टाकू नका. त्या मोर्चात गुंड्याही होता, चार पायांवर. बाबांकडे फोटो आहे.

आता ऑक्टोबर आहे. दहा महिने झाले. दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे असतो आणि आदल्या रात्री घरात कुणीच नीट जेवत नाही, एक जण सोडून. मागचे सगळे स्वच्छ आले. गेल्या आठवड्यात तो तीन उड्यांनंतर खोकला. धूळ असेल, म्हणालो सगळे. गवत वाळलंय, धूळ असतेच.

एक्स-रे मंगळवारी आहे. रविवार खाणीतल्या तळ्यासाठी राखून ठेवलाय. काठाशी एक सपाट कातळ आहे, सकाळचं ऊन त्यावर आधी येतं, गुंड्या त्यावर पसरतो आणि अर्धा तास हलत नाही. यायचं असेल तर फाटकाशी सातच्या आत या. चहा आईकडे असतो.