ताटलीतला कागद

आमच्या वाडीत तुळशीचे लग्न झाले की आकाशकंदील उतरतात. लोक ते काठीवरून खाली घेतात, धूळ झटकतात आणि माळ्यावर टाकून देतात. आमच्या दाराशी मात्र त्यानंतरच काठी उभी राहायची. लहानपणी मी शेजारच्या काकूंकडे जाऊन त्यांचा उतरलेला कंदील मागून आणीत असे, कारण त्याच्या कामट्या चांगल्या असत. वडील त्याचा विटलेला कागद फाडून टाकीत, कामट्या सोडवून त्यांची पाच टोकांची चांदणी बांधीत आणि खळ लावून तिच्यावर नवा पतंगी कागद चढवीत. दिवाळीच्या हाडांवर नाताळाची कातडी, असेच म्हणा ना! आता बाजारात तयार चांदण्या मिळतात, आत विजेच्या दिव्यांची उघडझाप होते. मुलांना त्याच आवडतात. मला नाही आवडत, पण माझे कोण ऐकतो?

फराळाचेही तसेच. दिवाळीत काकूंचे ताट आमच्याकडे येई. त्यात करंजी, चकली, अनारसा असे आणि वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामे परत करू नये म्हणून आई त्यात चिमूटभर साखर घाली नि म्हणे, “बाकीचं नाताळात.” मग २५ डिसेंबरला त्याच ताटात आमच्या करंज्या नि शंकरपाळे भरून जात. काकू सोवळ्याओवळ्याच्या. त्या आमच्या घरचे खात की नाही, हे आईने कधी विचारले नाही नि काकूंनीही कधी सांगितले नाही. त्यांची मुले मात्र खात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत करंजीत खोबरे कमी पडल्याची तक्रार माझ्याजवळ करीत.

नगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून सरकारी कागदांवर अहिल्यानगर म्हणतात, माझ्यासारखी घरे बरीच आहेत. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ साली इथेच निघाले. रेव्हरंड टिळक नि लक्ष्मीबाई यांचे संसाराचे दिवस इथे गेले. आमच्या देवळात आजही पेटी, तबला आणि झांजा यांवर भजन होते. परका माणूस बाहेरून ऐकेल तर त्याला वाटावे, वारकऱ्यांची दिंडी उतरली आहे. ‘नाताळ’ हा शब्द तेवढा पोर्तुगिजांचा. पण त्यांच्याच अमलात, गोव्यात, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा मराठी ओवीत रचली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! तरीही शाळेच्या खोलीत चहा पिताना दर वर्षी कुणीतरी म्हणतोच, “काय मास्तर, तुमचा इंग्रजांचा सण आला.” मी हसतो. चार शतकांचा हिशेब मधल्या सुट्टीत कुठे मांडायचा?

दुसरा एक प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येत नाही. “तुमचे कोण, कधी बाटले?” तर माझी पणजी. १८९९-१९०० च्या दुष्काळात, सात-आठ वर्षांची असताना, भावाचे बोट धरून ती मिशनच्या अन्नछत्रावर आली. भाऊ वाटेतच गेला. माझी आजी ही गोष्ट सांगताना कधी आवाज खाली करीत नसे. ती म्हणे, “सासूबाई भाकरीसाठी आल्या. भूक लागली होती पोरीला, त्यात लाज कसली?” पुढे पाऊस पडला, ज्वारी आली, तरी पणजी माघारी गेली नाही. माघारी जायला होते काय? गावकुसाबाहेरची तीच जागा नि तीच पायरी. इथे तिला पाटी मिळाली होती. आजीच्या मते तिचा विश्वास आधी पोटात उतरला नि मग डोक्यात चढला, आणि आजीला त्यात काही उणे वाटत नसे.

आजीचे धर्मशास्त्र सारे असेच घरगुती होते. १ जानेवारीला ती ‘येशूचं बारसं’ म्हणे. मला ती थट्टा वाटायची. पुढे स्वतः वाचू लागलो तेव्हा लूकच्या शुभवर्तमानात सापडले, की आठव्या दिवशी बाळाचे नाव ठेवले. २५ डिसेंबरपासून मोजा, आठवा दिवस बरोबर १ जानेवारीला येतो. २५ डिसेंबर ही तारीख मात्र शास्त्रात कुठेच नाही. रोममध्ये हा दिवस पाळला जात असल्याचा सर्वांत जुना दाखला इ. स. ३३६ चा धरतात. चार शुभवर्तमानांपैकी मार्क नि योहान यांनी जन्माची गोष्ट सांगितलेलीच नाही. आपण ज्याला नाताळची गोष्ट म्हणतो ती लूक आणि मत्तय यांच्या दोन निराळ्या गोष्टींची वेणी आहे. लूककडून मेंढपाळ घ्यायचे, मत्तयकडून ज्ञानी लोक. ते तीन होते असेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून आपण माणसे तीन केली.

मेंढपाळांवरून एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाताळच्या आदल्या रात्री आमची मंडळी गाणी म्हणत घरोघर फिरे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाजरी निघालेल्या एका रानात धनगरांनी मेंढरे बसवली होती. आमचे कंदील पाहून कुत्री अंगावर आली. घोंगडीतून एक म्हातारा उठला नि ओरडला, “कोण हाये?”

वडील म्हणाले, “बाबा, प्रभूचा जन्म झालाय, तेच सांगत फिरतोय.”

“पोरगा का पोरगी?”

“पोरगा.”

“ब्येस झालं. बाळंतीण बरी हाय न्हवं?”

वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरी आहे.” म्हाताऱ्याने कुत्री आवरली, आम्हाला शेकोटीपाशी बसवले नि बिनसाखरेचा चहा पाजला. पुढे कित्येक वर्षे शब्बाथशाळेत वडील ही हकीगत सांगत. बेथलेहेमच्या मेंढपाळांनी देवदूताला जे विचारायला हवे होते ते आपल्या धनगराने विचारले, असे ते म्हणत.

इथवरची नाताळची गोष्ट मला तोंडपाठ होती, आवडतही होती. मत्तयाने तिच्या पुढे जे लिहिले आहे ते आमच्या नाटकांत कधी येत नसे. हेरोद राजाच्या मनात भय शिरते आणि तो बेथलेहेमातले दोन वर्षांचे नि त्याहून लहान मुलगे मारून टाकतो. योसेफाला स्वप्नात आधीच इशारा मिळालेला असतो, म्हणून तो मायलेकरांना घेऊन रातोरात मिसराकडे निघून जातो. पुष्कळ पंथांत २८ डिसेंबर हा त्या मुलांच्या स्मरणाचा दिवस मानतात. आमच्या मंडळीत तो पाळीत नाहीत. २८ तारखेला आमच्याकडे उरलेल्या शंकरपाळ्यांचा डबा रिता होत असतो.

तो अध्याय मी नीट वाचला २०२१ साली.

त्याचे असे झाले. वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्या देवळात भक्ती होते. ज्याला वाटेल तो उठून सरल्या वर्षाची साक्ष देतो. शेवटी एक पितळी ताटली फिरते. तिच्यात घड्या घातलेले छोटे कागद असतात, प्रत्येकावर शास्त्रातले एक वचन. डोळे मिटून एक उचलायचा. ते आपले नव्या वर्षाचे वचन. शिकलेली माणसे याला चिठ्ठ्यांचा खेळ म्हणतील. मीही मनातून म्हणत असे, आणि तरी कागद उघडताना बोटे थोडी थरथरत.

३१ डिसेंबर २०२० ला साथीमुळे भक्ती संध्याकाळीच उरकली. तोंडाला फडकी बांधून आम्ही अंतराअंतराने बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाने कागद उचलला. एक्याण्णवावे स्तोत्र. त्याच्या तंबूजवळ कोणतीही पीडा येणार नाही, अशा अर्थाचे ते वचन. तो हसला नि कागद माझ्यापुढे नाचवीत म्हणाला, “दादा, आता मास्क काढू का?”

तो दुधाचा टेम्पो चालवी. टाळेबंदीतही दूध थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याला ताप आला. चार दवाखाने फिरलो, पाचव्यात खाट मिळाली, प्राणवायू मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सहाव्या दिवशी तो गेला. वय छत्तीस. मूठमाती द्यायला आम्ही चौघेच होतो. आईला लांबून पाहू दिले. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

मी कादंबऱ्या लिहितो. हा कागदाचा प्रसंग मी कादंबरीत घातला असता तर कोणीही म्हणाले असते की लेखकाने फारच जुळवून आणले. पण तो कागद खरोखरच आईच्या शास्त्राच्या पुस्तकात होता. त्याच पावसाळ्यात मी देवळात जाणे सोडले. भांडून सोडले नाही, नुसते सोडले. घरी एकट्याने मत्तयाचा दुसरा अध्याय वाचायचो. योसेफाला स्वप्न पडले, ठीक. बाकीच्या घरांत त्या रात्री कुणाला स्वप्न का पडले नाही? त्यांचेही बाप झोपलेच होते की. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांना विचारले. भला माणूस. त्यांनी काही पाठ केलेले उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “मास्तर, मला माहीत नाही,” आणि बराच वेळ बसून राहिले.

३१ डिसेंबर २०२१ ला आई म्हणाली, “मला देवळात सोड. अंधाराचं दिसत नाही.” सोडायला गेलो नि थंडीमुळे मागच्या बाकावर टेकलो. साक्षी चालल्या होत्या. कुणाला नोकरी लागली होती, कुणी आजारातून उठला होता. लोक आभार मानीत होते नि मला त्यांचा राग येत होता. मग आई उठली.

ती म्हणाली, “गेल्या वर्षी हा कागद माझ्या घरी आला. धाकट्यानं उचलला होता. त्यात लिहिलेलं झालं नाही. पोरगा गेला. कागद घरात ठेवून मी रोज वाचला. आता परत द्यायला आणलाय.”

ती पुढे गेली आणि कागद तिने ताटलीत ठेवला. पेटीवाला बोटे वर धरून तसाच बसला होता. पाळकसाहेब उभे होते, खाली पाहत. आई जागेवर आली नाही. तिथेच उभी राहून म्हणाली, “तक्रार दुसऱ्या कुणाकडं नेऊ? म्हणून इथंच आणली.” मग येऊन बसली. त्या रात्री भजन जरा उशिराने सुरू झाले, आणि ताटली फिरली तेव्हा आईने पुन्हा एक कागद उचलला. मी उचलला नाही.

घरी येताना मी तिला विचारले, “एवढं बोललीस, मग पुन्हा कागद कशाला घेतलास?”

“भांडण झालं म्हणून काय घर सोडतात?” ती म्हणाली. “तू सोडलंस ते तू बघ. आणि पायाखाली बॅटरी धर, खड्डा आहे.”

तेव्हापासून दर ३१ डिसेंबरला मी तिला घेऊन जातो. मागच्या बाकावर बसतो. मला विश्वास आहे का, असे कुणी विचारले तर हो म्हणवत नाही नि नाही म्हटले तर खोटे बोलल्यासारखे वाटते. २८ तारखेला मात्र मी आता न चुकता एक मेणबत्ती लावतो. आमच्या मंडळीची रीत नसली तरी आई काही म्हणत नाही. मागच्या खेपेला तिनेच काडेपेटी आणून दिली.

गेल्या ३१ डिसेंबरला, २०२४ च्या, पुतणीने पहिल्यांदा स्वतः ताटलीत हात घातला. ती इंग्रजी शाळेत जाते, मराठी अक्षरे तिला जोडून जोडून वाचावी लागतात. तिने कागद माझ्या हातात दिला, “काका, वाच ना.” मी वाचला. तिचा पाय दगडाला ठेचू नये म्हणून देवदूत तिला हातांवर झेलून धरतील, अशा अर्थाचे काही होते. तेच एक्याण्णवावे स्तोत्र, पुढच्या ओळी. माझा आवाज मध्येच बसला.

“खरं होईल का हे?” तिने विचारले.

चोवीस वर्षे मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. मी म्हटले, “आजीला विचार.”

आजीने कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दूर धरला, घडी घातली नि तिच्या मुठीत दिला. “ठेव जपून,” ती म्हणाली. “वर्ष संपलं की आपण इथंच येऊन सांगू, काय झालं ते.”

पोरीने तो कंपासपेटीत ठेवला आहे. परवा दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन काकूंच्या सुनेकडची मुले आली, तेव्हा तिने त्यांना तो काढून दाखवला. ताट परत करताना आईने त्यात साखर घातली.