दिवाळीआधी रंग, पुढच्या आषाढात पोपडे

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण महाबळेश्वरात ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

पाऊस ओसरला की आपल्याकडं एकच घाई. दिवाळीचे पाहुणे यायच्या आत खोल्या चकाचक झाल्या पाहिजेत. पुट्टी, रंग, नवीन टाइल्स, पंधरा दिवसांत काम खलास! आणि पुढच्या आषाढात त्याच भिंतीला पोपडे, कपाटामागं बुरशी, गाद्यांना वास. मग ठेकेदार म्हणतो रंग हलका होता, रंगवाला म्हणतो भिंतच खराब. बातमीच्या निमित्तानं अशी बरीच घरं बघितली. बहुतेक ठिकाणी दोष रंगाचा नसतो. चार महिने भिजलेली भिंत आपण वाळायच्या आत बंद केलेली असते.

आपण सुमारे १,३५० मीटर उंचीवर राहतो. वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुनी घरं जांभ्याची. जांभा पाणी पितो, पण उघडा असला तर हळूहळू सोडतोही. जुन्या माणसांना हे माहीत होतं. बांधकाम चुन्यात, पावसाआधी भिंतींना गवताच्या झड्या, आणि पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर चांगलं पुढं काढलेलं. आपण काय केलं? आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. त्याला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही.

दुसरी गोष्ट चुलीची. धूर गेला ते उत्तमच झालं. पण त्याबरोबर दिवसभराची कोरडी ऊबही गेली. आता गॅसवरची वाफ, गीझरच्या पाण्याची वाफ, घरात दोरीवर ओले कपडे आणि थंडीमुळं खिडक्या बंद. ही हवा गार भिंतीला, पत्र्याला लागली की तिथंच पाणी सुटतं. छप्पर गळत नसतानाही घर ओलं होतं, ते असं.

म्हणून घराचं काम काढायचं तर सुरुवात ऑगस्टमध्ये करा. खर्च काही नाही, फक्त पेन्सिल घ्या. ओल कुठून कुठपर्यंत आली त्याची रेघ मारा. वरून खाली आली असेल तर पत्रा, पन्हळ बघा. जमिनीकडून वर चढली असेल तर जोत्याभोवतीचा उतार आणि गटार बघा. ही कामं पाऊस गेल्यावर आधी. मग सुटलेला गिलावा काढून भिंत दोन-तीन महिने उघडी ठेवा, हिवाळ्याचं ऊन-वारं लागू द्या. गिलावा मार्चनंतर, जांभ्याला शक्यतो चुन्याचा. रंग सगळ्यात शेवटी. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट बसवा, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. मे महिन्यात खोली उघडीबोडकी ठेवणं सीझनवाल्यांना परवडत नाही, मान्य. मग एका वर्षी एकच खोली काढा, पण नीट काढा.

आणि ती खोली आधी स्वतःची काढा. पाहुण्याच्या खोलीला दरवर्षी रंग, आणि मागच्या ओल्या खोलीत दम्याची म्हातारी नि खोकणारं पोर, हे चित्र आपल्याच गल्लीत आहे.

आता कारभाऱ्यांना एक मागणी. जानेवारी २००१ मध्ये केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. बांधकामावरची बंधनं हवीतच, त्यांच्यामुळंच डोंगर शिल्लक आहे. पण नवा मजला चढवणं आणि गळकं छप्पर बदलणं यांना एकच रांग नको. राहत्या घराच्या दुरुस्तीचे अर्ज वेगळे घ्या, सप्टेंबरात घ्या आणि नोव्हेंबरच्या आत निकाली काढा. फेब्रुवारीत मिळालेल्या परवानगीवर भिंत वाळवायची कधी? इथं पाऊस कुणाच्या सहीसाठी थांबत नाही.

पटत असेल तर आपापल्या वॉर्डात हा विषय काढा. आणि यंदा ज्यांच्या भिंतीला पोपडे आलेत त्यांनी रंग आणायच्या आधी छपरावर चढून या.