बोटीच्या पोटात : कोपनहेगनचा अभ्यासदौरा

प्रवासवर्णन लिहिण्याची मला सवय नाही. एकवीस वर्षे बोटीवर इंजिनियर म्हणून काढली, त्या काळात लिहिले ते फक्त इंजिनरूमचे लॉगबुक. आता मरीन इंजिनियरिंगच्या मुलांना शिकवतो. पण आमच्या विहारातील महिला मंडळाने परवा मला दारातच अडवले. "पोरीच्या तिकिटाला आम्ही पैसे घातले सर, आता तिकडं काय बघितलं ते छापून येऊ द्या की." हिशेब मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. म्हणून हा लेख.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये शेवटच्या वर्षाच्या बावीस मुलामुलींना घेऊन आम्ही दोघे शिक्षक आठ दिवसांसाठी डेन्मार्कला गेलो. जहाजाची इंजिने, रंग, नवी इंधने तयार करणाऱ्या कंपन्या मुलांना प्रत्यक्ष दाखवायच्या, हा उद्देश. खर्च माणशी एक लाख नव्वद हजार. यादी लागली तेव्हा वर्गातली सर्वांत हुशार मुलगी तीत नव्हती. विचारले तर म्हणाली, "सर, मला थंडी सोसत नाही." मी विश्वास ठेवला नाही. मी स्वतः कॉलेजात असताना सहलीच्या वेळी असेच पोटदुखीचे कारण सांगितलेले होते.

तिच्या घरी गेलो. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते. घरात बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो, त्याखाली मुलीची पुस्तके, आणि कोपऱ्यात बसलेली आजी. आजीने मला नीट न्याहाळले आणि विचारले, "तुम्ही बोटीत आत जाऊन आलाय?" मी हो म्हणालो. मग तिने सांगितले. तिचे यजमान, म्हणजे या मुलीचे आजोबा, मुंबई गोदीत चिपिंग-पेंटिंगचे कामगार होते. मुकादमाच्या हाताखाली रोजंदारीने. दोराला बांधलेल्या फळीवर बसून बोटीचा गंज हातोडीने ठोकून काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचे आणि वर शेंदराचा लाल रंग मारायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. ती धूळ छातीत जाते. पण आजोबा धुळीने गेले नाहीत. १९७४ साली एका बोटीची रिकामी टाकी साफ करायला त्यांना खाली उतरवले. ते वर आले नाहीत. त्यांना काढायला गेलेला दुसरा माणूसही आला नाही. त्यांची हातोडी तेवढी घरी आली. आजी अनेक वर्षे तिने शेगडीचा कोळसा फोडत होती.

"बोटीच्या बाहेरून आमच्या माणसांनी लई वर्षं काम केलं," आजी म्हणाली, "आत काय असतं ते ही बघून येऊ दे."

वर्षावास चालू होता. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन व्हायचे. त्यानंतर दोन दिवस महिला मंडळाच्या भगिनींनी झोळी फिरवली. कुणी पन्नास दिले, कुणी पाच हजार. त्यांच्या गावच्या मुंबई मंडळाने चाळीस हजार बिनव्याजी उसने दिले. राहिलेले वडिलांनी कसे उभे केले ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

कोपनहेगन हे शहर पाण्यावर वसलेले आहे. मेट्रो आहे पण तिला चालक नाही, आणि रस्त्यावर मोटारींपेक्षा सायकलींचीच गर्दी डोळ्यांत भरते. बंदराचे पाणी इतके स्वच्छ केले आहे की ऑफिस सुटल्यावर माणसे त्यात पोहायला उतरतात. आमच्या एका मुलाने विचारले, "सर, माझगावच्या पाण्यात असं कधी होईल?" मी म्हटले, आधी आपण तुझे सॉक्स धुऊ. असो. शहराच्या सौंदर्याचे वर्णन करणारे लेख पुष्कळ निघतात, मी इंजिनाकडे वळतो.

जगातले समुद्रावर धावणारे पहिले मोठे डिझेल जहाज 'सेलांडिया' याच शहरात बांधले गेले. बर्माइस्टर अँड वेन या कारखान्याने बांधलेले हे जहाज १९१२ च्या फेब्रुवारीत बँकॉकच्या पहिल्या फेरीवर निघाले. त्याला धुराडे नव्हते. वाटेत लंडनला थांबले तेव्हा ब्रिटिश नौदलाचे मंत्री असलेले विन्स्टन चर्चिल ते पाहायला गेले होते. त्याआधीच्या बोटी वाफेच्या. त्यांच्या पोटात रात्रंदिवस कोळसा फेकणारे आगवाले असत, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर त्यांतले अनेक हिंदुस्थानी असत. प. पू. बाबासाहेब १९१३ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेले तेही वाफेच्या बोटीनेच. १९१७ साली ते परत येत असताना त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती 'साल्सेट' बोट इंग्लिश खाडीत जर्मन टॉर्पेडोने बुडाली. ही हकीकत मी मुलांना सांगितली तेव्हा वर्गातली जी मुले आपल्या समाजाची नाहीत तीही गप्प होऊन ऐकत होती. इंजिनाचा संशोधक रुडॉल्फ डिझेल याचा अंतही समुद्रावरच झाला. बाबासाहेब अमेरिकेला गेले त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला.

'सेलांडिया' जेथे बांधले ती गोदी आता उरलेली नाही. रेफशालेओएन या बेटावरचा या कारखान्याचा जहाजबांधणीचा विभागही १९९६ मध्ये बंद पडला. हजारो कामगारांचे ते गाव. आम्ही गेलो तेव्हा तेथे खाण्याचे ठेले, चित्रकारांच्या खोल्या, जुन्या शेडमधली नाटके असा मामला होता. गिरणगावातल्या मॉलची आठवण झाली. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने, जो आमच्याशी उगीच गप्पा मारायला थांबला, एका शेडकडे बोट दाखवून सांगितले की मी तिथे वेल्डर होतो. पुढे काही बोलला नाही.

इंजिनाचे काम मात्र या शहरातून गेलेले नाही. बर्माइस्टर अँड वेन १९८० मध्ये जर्मनीच्या मान कंपनीकडे गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये त्या कंपनीने एव्हरलेन्स असे नवे नाव घेतले. इंजिनावरचे 'मान बी अँड डब्ल्यू' हे नाव आमच्यासारख्या जुन्या लोकांच्या तोंडातून जाणार नाही. येथे इंजिनाचा आराखडा होतो. लोखंडात ते घडते मुख्यतः कोरिया, चीन आणि जपानमध्ये, परवाना घेतलेल्या कारखान्यांत. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटले. ज्याच्याकडे आराखडा त्याच्याकडे मान आणि पैसा, ही गोष्ट मी वर्गात दहा वेळा सांगूनही त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती, ती येथे पाच मिनिटांत शिरली.

मोठ्या जहाजाचे इंजिन कसे असते, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या एसटीच्या इंजिनाशी त्याची तुलना करू नका. ते तीन-चार मजली इमारतीएवढे उंच असते. सर्वांत मोठ्या जातीच्या सिलिंडरची रुंदी ९५ सेंटिमीटर, म्हणजे त्यात माणूस उभा राहू शकतो, आणि दुरुस्तीला आम्ही उतरतोही. ते मिनिटाला जेमतेम ऐंशी-नव्वद फेरे घेते, कारण पंखा थेट त्याच्या दांड्याला जोडलेला असतो. मध्ये गिअर नाही. जहाज मागे न्यायचे असेल तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने चालू करायचे. १८९७ मध्ये डिझेलने आउग्सबुर्गला चालवलेल्या इंजिनात इंधनातल्या शक्तीपैकी २६ टक्के कामी आली होती. आजच्या जहाजाच्या इंजिनात सुमारे निम्मी येते.

टेगलहोल्मन भागातल्या संशोधन केंद्रात चार सिलिंडरचे चाचणीचे इंजिन आहे. आमच्या दौऱ्याचा खरा गाभा तोच. जगातील हरितगृह वायूंपैकी जवळजवळ ३ टक्के जहाजांतून निघतात. ते थांबवायचे तर तेल सोडले पाहिजे. एक वाट मिथेनॉलची. त्यावर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज 'लॉरा मर्स्क' याचे नामकरण २०२३ च्या सप्टेंबरात याच शहरात झाले. दुसरी वाट अमोनियाची. होय, ज्यापासून युरिया होतो तोच अमोनिया. त्यात कार्बनच नाही, म्हणून जळताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही. येथे २०२३ च्या जुलैमध्ये पहिल्यांदा एका सिलिंडरमध्ये तो जाळून पाहिला. अडचणी पुष्कळ आहेत. तो सहज पेट घेत नाही, म्हणून थोडे दुसरे इंधन आधी पेटवावे लागते. तेलाच्या सुमारे तिप्पट जागेची टाकी लागते. आणि तो विषारी आहे.

आम्हाला माहिती देणारे इंजिनियर मनापासून समजावत होते. पाईप दुहेरी भिंतीचा असतो, दोन भिंतींमधली हवा सतत ओढून बाहेर काढतात, गळती झाली तर यंत्र ती हुंगून इंधन आपोआप बंद करते. मुले वहीत टिपत होती. तेव्हा आपल्या मुलीने हात वर केला. तिचे इंग्रजी साधे आहे, पण चुकत नाही. तिने विचारले, "हे सगळे जहाज चालू असताना. जहाज पंधरा वर्षांनी दुरुस्तीला गोदीत गेले आणि ही टाकी साफ करायला रोजंदारीचा माणूस आत उतरला, तर त्याला कोण सांगणार?"

ते गृहस्थ क्षणभर थांबले. गोलमोल उत्तर देता आले असते, पण त्यांनी दिले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ते म्हणाले, आमची पुस्तिका इंजिनापर्यंत आहे. टाकीसाठी नियम आहेत, पण गोदीत ते कोण पाळतो ते आम्ही इथून पाहू शकत नाही. मग त्यांनीच तिला उलट विचारले की हा प्रश्न तुला का पडला. तिने आजोबांचे सांगितले. दोन वाक्यांत. त्या खोलीत कंप्रेसरचा आवाज तेवढा येत होता.

नियम खरोखरच आहेत. बंद जागेत उतरण्याआधी हवेतला प्राणवायू मोजायचा, तो २१ टक्क्यांच्या आसपास हवा. लेखी परवाना घ्यायचा, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, आणि आतला माणूस कोसळला तर श्वसनाचे उपकरण लावल्याशिवाय कुणीही खाली उडी मारायची नाही. १ जानेवारी २०१५ पासून जहाजावर दर दोन महिन्यांनी याची कवायत सक्तीची आहे. तरी माणसे मरतात, आणि बहुधा दुसरा माणूस पहिल्याला वाचवायला गेल्यामुळे मरतो. मी स्वतः चीफ इंजिनियर असताना एका परदेशी बंदरात टाकीचे झाकण उघडून न मोजता खाली निघालेल्या पोराला कॉलर धरून मागे ओढले होते. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. जहाज मोडण्याच्या किनाऱ्यांवर, आपल्या अलंगसारख्या ठिकाणी, दूरच्या गावांहून आलेल्या मजुरांची हीच गोष्ट. तेथे लागू होणारा हाँगकाँग करार २०२५ च्या जूनमध्ये अमलात आला. त्यानुसार जहाजात कोणता घातक माल कोठे आहे याची यादी जहाजाबरोबर आली पाहिजे. ती यादी मजुराला त्याच्या भाषेत कोण वाचून दाखवील, हा त्या मुलीचाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी एका रंगाच्या कारखान्यात गेलो. जहाजाच्या तळाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून पूर्वी कथिलाचे जे विषारी रंग मारीत, त्यांवर २००८ पासून जगभर बंदी आहे. आता गुळगुळीत सिलिकॉनचे रंग आले आहेत. मुलीने रंगवलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. म्हणाली, "सर, याच्यावर हातोडी मारायची गरजच पडणार नाही ना?" मी खरे ते सांगितले, की गंज अजून कोणी जिंकलेला नाही.

शेवटच्या रविवारी डिझेलहाउस या संग्रहालयात गेलो. १९३२ साली शहराला वीज देण्यासाठी बसवलेले २२,५०० अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरचे इंजिन तेथे जपले आहे. तीस वर्षे ते जगातले सर्वांत मोठे डिझेल इंजिन होते. ठराविक रविवारी ते लोकांसाठी चालू करतात. निवृत्त कामगार निळ्या कपड्यांत येतात, तेलाची बुधली फिरवतात, एकमेकांना हात दाखवतात. हवा सुटल्याचा एक मोठा फुत्कार झाला आणि जमीन हलू लागली. मुलीने मोबाइल वर धरला. पलीकडे मुंबईत दुपार होती, आजी जेवायला बसली होती. आवाजात काही ऐकू जाईना. नंतर बाहेर येऊन तिने पुन्हा फोन लावला तेव्हा आजी म्हणाली, "एवढा आवाज? मग तुझ्या आजोबांची हाक वर कुणाला ऐकू जाणार होती!"

परत आल्यावर प्रत्येकाने अहवाल दिला. तिचा अहवाल बंद जागेतल्या कामाच्या सुरक्षिततेवर आहे, बेचाळीस पानांचा. गोदीतल्या कामगारांसाठी त्याचा चार पानांचा मराठी सारांश ती आता लिहीत आहे. तो झाला की विहारात वाचून दाखवणार आहे. गावच्या मंडळाचे चाळीस हजार ती बोटीवर रुजू झाल्यावर पहिल्या सहा पगारांत फेडणार, असे तिने मंडळाच्या वहीत लिहून दिले आहे.