जळालेल्या खोडावरची पालवी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात सांताक्रूझचे डोंगर आहेत. तेथील ‘बिग बेसिन’ हे रान १९०२ पासून राखलेले असून ते त्या राज्याचे सर्वांत जुने राज्य उद्यान आहे. येथील रेडवूड झाडे तीनशे फुटांपर्यंत उंच. काहींचे वय हजार वर्षांच्या पुढे. उन्हाळ्यात तिकडे पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरचे धुके पानांवर साचते. थोडे पाणी पानेच शोषतात, उरलेले ठिबकून मुळांशी जाते. निसर्गाचे ठिबक सिंचनच म्हणा ना!

१६ ऑगस्ट २०२० रोजी पाऊस नसताना विजा कोसळल्या आणि वणवा पेटला. सुमारे ८६,५०० एकर क्षेत्र होरपळले, नऊशेहून अधिक घरे गेली, एक माणूस दगावला. बिग बेसिनचे अठरा हजार एकरांचे जवळजवळ सगळे रान आगीत सापडले. जुलै २०२२ मध्ये त्याचा थोडा भाग लोकांसाठी उघडला. पुढे मुलीकडे गेलो असता मी तो पाहून आलो.

खोडे कोळशासारखी काळी, आणि त्याच काळ्या खोडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरव्या पालवीचे झुबके! रेडवूडची साल फूटभर जाड होऊ शकते. तिच्यात टॅनिन भरपूर आणि राळ फारशी नाही, म्हणून ती सहजी पेटत नाही. सालीखाली निजलेले डोळे असतात. वरचा पाला जळाला की ते जागे होतात. साग तोडल्यावर बुंध्याला धुमारे फुटतात ना, तशातलाच हा प्रकार.

पण पानच नाही, तर या कोंबांना अन्न कोठून मिळाले? शास्त्रज्ञांनी काही कोंब काळ्या प्लास्टिकने झाकून ऊन तोडले आणि त्यांतील कार्बनचे वय तपासले. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडाने कित्येक दशकांपूर्वी साठवलेली साखर या कोंबांसाठी खर्ची पडली होती! काही डोळे तर हजार वर्षांहून जुने असावेत, असा त्यांचा अंदाज आहे.

तरी सगळेच सावरले नाही. रेडवूडच्या शेजारचे डग्लस फर वृक्ष मोठ्या संख्येने मेले. त्यांना अशी पालवी फुटत नाही. मार्बल्ड मरेलेट हा समुद्रपक्षी जुन्या झाडांच्या रुंद, शेवाळलेल्या फांद्यांवर एकच अंडे घालतो. १९७४ मध्ये त्याचे घरटे याच रानात, एका डग्लस फरवर सापडले होते. पालवी दोन वर्षांत येते; तशी फांदी तयार व्हायला शतके लागतात. सिएरा नेवाडा डोंगरातले महाकाय सेक्वोया हे रेडवूडचे भाऊबंद. पण मोठ्या सेक्वोयाला असे धुमारे फुटत नाहीत. २०२० च्याच कॅसल वणव्यात तिकडचे मोठे वृक्ष दहा ते चौदा टक्के मेले.

पूर्वी तिथले मूळ रहिवासी ठरावीक वेळी हलकी आग देऊन पालापाचोळा कमी करीत. पुढे ही रीत बंद पडली आणि रानात जळण साचत गेले. त्यात हवा तापली, दुष्काळ वाढले. साठवलेली पुंजी एकदा खर्ची पडली, की ती भरायला झाडाला निवांत वर्षे हवीत. ती मिळण्याआधीच पुन्हा मोठा वणवा आला तर रेडवूडचीही कसोटी आहे.

आपल्याकडे बांधावरचे झाड होरपळले की आपण लगेच कुऱ्हाड घेतो. त्याआधी साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर त्याला एक पावसाळा द्यावा.