तळाशी जाऊ द्या

अमेरिकेतील टेक्सासमध्ये भावाकडे गेलो, तेव्हा मासेमारीविषयीचे माझे ज्ञान निव्वळ पुस्तकी होते. भावाचे शेजारी, सत्तरीतले एक मुरलेले गळकरी, मला लेक फोर्क जलाशयावर नावेतून घेऊन गेले. निक क्रीम यांनी 1949 मध्ये ओहायोत बनवलेले प्लॅस्टिकचे गांडूळ बास माशांसाठी पुढे फार रूढ झाले. ते गळाला लावण्याची ‘टेक्सास रिग’ ही रीत त्यांनी मला शिकवली. दोऱ्यात आधी गोळीच्या आकाराचे शिसे ओवायचे, मग गळ बांधायचा आणि त्याचे टोक गांडुळाच्याच अंगात दडवायचे. उघडे टोक पाण्यात बुडालेल्या झाडांत अडकते.

आमिष फेकताच मी दोरा ओढू लागलो. “थांबा, तळाशी जाऊ द्या. बास पुष्कळदा ते खाली उतरतानाच घेतो,” ते म्हणाले. दोन तास मला तेवढे थांबणे साधले नाही. अखेर दोरा किंचित बाजूला सरकला. सैल दोरा गुंडाळून मी दांडी झटक्याने उचलली. मासा जेमतेम दीड पौंडाचा होता. तो त्यांनी पुन्हा पाण्यात सोडायला लावला.

विद्यार्थी म्हणजे मासे नव्हेत, हे खरे. पण वीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारतो आणि क्षणार्धात उत्तरही मीच देतो. वर मुले बोलत नाहीत, अशी तक्रार करतो. माझा एकही प्रश्न मी तळापर्यंत जाऊ दिला नव्हता.

परतल्यावर पहिल्याच तासाला कवितेविषयी एक प्रश्न विचारला आणि गप्प राहिलो. ती शांतता मला फार जड गेली. मग शेवटच्या बाकावरून कोणीतरी घसा खाकरला.